फोटॉनिक क्रिस्टलचं सिम्युलेशन: रेझोल्यूशन वाढवण्याआधी या चुका टाळा

फोटॉनिक क्रिस्टल म्हणजे ठरावीक अंतराने छिद्रं किंवा खांब मांडलेली, प्रकाश अडवणारी रचना. तिचा गॅप (ज्या फ्रिक्वेन्सींचा प्रकाश आतून जाऊच शकत नाही तो पट्टा) दिसत नाही किंवा क्यू (प्रकाश किती काळ अडकून राहतो त्याचं माप) दर रनला वेगळा येतो, की पहिला हात जातो रेझोल्यूशनवर, म्हणजे चौकटी किती बारीक त्यावर. एफडीटीडीत (जागा आणि वेळ चौकटींत कापून लाट पुढे नेणारी पद्धत), त्रिमितीत ते दुप्पट केलं की मेमरी ८ पट लागते. टाइम-स्टेपही निम्मी होते, म्हणून वेळ १६ पट. ऐरोलीच्या खोलीत लॅपटॉपवर २ तासांत उरकणारा रन ३२ तासांवर जातो, आणि ऐन पावसाळ्यात मधेच वीज गेली तर सगळंच पाण्यात. बरं, दोष बहुतेकदा तिथे नसतोच.

आधी सीमा बघा. पीएमएल (सिम्युलेशनच्या कडेला लावलेला थर) परावर्तन न करता लाट गिळतो खरा, पण त्या दिशेने माध्यम एकसारखं असेल तरच. क्रिस्टलची छिद्रं त्या थरात शिरली की ही हमी संपते आणि लाट परत फिरते. ट्रान्समिशनच्या आलेखावर समान अंतराच्या बारीक लहरी उमटतात. नमुन्याच्या दोन टोकांमुळेही अशाच लहरी येतात, म्हणून थर दुप्पट जाड करा. लहरी बदलल्या तर चोर सापडला. उपाय: पीएमएलऐवजी साधा शोषक थर घ्या, छिद्रं त्यातून थेट शेवटपर्यंत न्या आणि शोषण शून्यापासून वर्गाच्या प्रमाणात हळूहळू वाढवा. सुरुवातीला १० ए जाडी घ्या (ए म्हणजे जाळीचं अंतर). बँडच्या (प्रकाश जाऊ शकतो त्या फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्याच्या) कडेला हेही अपुरं पडतं, कारण तिथे प्रकाश ठाण्याबाहेर सिग्नलला रखडलेल्या लोकलसारखा सरकतो. तिथे थरही जाड हवा आणि रनही लांब.

दुसरी चूक गोल छिद्रांची. रेझोल्यूशन २० (एका ए मागे २० चौकटी) असेल तर एक चौकट ०.०५ ए. त्रिज्या ०.३० वरून ०.३१ ए केल्यावर फ्रिक्वेन्सी जागची हललीच नाही, किंवा एकदम उडाली, तर कड पायऱ्यांसारखी कापली जातेय. सबपिक्सेल स्मूदिंग (कडेच्या चौकटीत दोन्ही माध्यमांची सरासरी घेणं) चालू ठेवा. मीप या एफडीटीडी सॉफ्टवेअरमध्ये छिद्रं स्वतःच्या मटेरियल फंक्शनने लिहिली तर ते आपोआप बंद असतं. त्यापेक्षा तयार सिलिंडर वापरा.

एककांचा घोळ क्षणात ओळखता येतो. ए ४२० नॅनोमीटर आणि तरंगलांबी १५५० असेल, तर फ्रिक्वेन्सी (ए भागिले तरंगलांबी) ०.२७१. उत्तर १.७० आलं, तर कुठेतरी २π जास्तीचा गुणला गेलाय.

द्विमितीत प्रकाशाची दोन ध्रुवीकरणं असतात, टीई आणि टीएम. छिद्रांच्या जाळीत टीएमचा गॅप शोधत बसू नका. सिलिकॉनमधल्या गोल छिद्रांच्या त्रिकोणी जाळीत मोठा गॅप टीईला मिळतो, खांबांच्या जाळीत टीएमला. मात्र टीई-टीएम ही नावं काही ठिकाणी नेमकी उलटी वापरतात, म्हणून कोणतं क्षेत्र छिद्राच्या अक्षाला समांतर आहे ते बघा. इथल्या टीईत चुंबकीय.

आणि सोर्स (लाट सोडणारा बिंदू) जाळीच्या घराच्या बरोब्बर मध्यावर ठेवू नका. तिथे ज्या मोडचं (क्षेत्राच्या ठरावीक नक्षीचं) क्षेत्र शून्य असतं तो उठतच नाही, आणि बँड गायब झाल्यासारखा वाटतो. (०.१३ ए, ०.२१ ए) असा कुठेतरी आडबाजूला ठेवा.