लसूणघास पेरण्यापूर्वी करावयाची तयारी

चिकोडी, निपाणी, रायबाग, अथणी या पट्ट्यात सोयाबीन निघाल्यावर ज्यांना लसूणघास (लुसर्न) हे चारापीक लावायचे आहे, त्यांनी जमिनीआधी वाणाचा निर्णय करावा. दिवस लहान होऊन गारवा वाढला की या पिकाचे काही वाण वाढ आवरती घेतात. शीत प्रदेशात हा गुण पिकाला थंडीतून वाचवतो, परंतु आपल्याकडे हिमतुषार पडत नाही आणि डिसेंबरचा दिवसही सुमारे ११ तासांचा असतो. अशा ठिकाणी थांबणारा वाण घेणे म्हणजे ऐन हिवाळ्यातला हिरवा चारा गमावणे होय. या गुणाचे मोजमाप १ ते ११ अशा श्रेणीत करतात. त्यासाठी शरद ऋतूत कापणी करून काही आठवड्यांनी फुटव्यांची उंची पाहतात, आणि ८ व त्यापुढील श्रेणीचे वाण न थांबणारे मानले जातात.

असा वाण कसा घडतो हे समजून घेतल्यास बियाणे निवडताना चूक होत नाही. लसूणघास चतुर्गुणित (गुणसूत्रांचे चार संच असलेली) असून तिच्यात परपरागीभवन होते, म्हणजे एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडाच्या फुलावर पडून बी धरते. मधमाशी बसून फूल उघडल्याशिवाय बी नीट धरत नाही आणि स्वपरागणाने पुढच्या पिढ्या खुरटतात. म्हणून पैदासकार एकाच झाडावर विसंबत नाहीत. थंडीतही वाढणारी व मावा या रस शोषणाऱ्या किडीला दाद न देणारी अनेक झाडे निवडून, त्यांचा आपसांत संकर होऊ देऊन ते वाण तयार करतात. कॅलिफोर्नियातील ‘सीयूएफ १०१’ हा १९७० च्या दशकातील वाण निळ्या माव्याच्या प्रतिकारासाठी असाच पुढे आला. त्यामुळे बाजूच्या शेतातील मिश्र पिकाचे बी वर्षानुवर्षे धरत राहिल्यास मूळ गुण टिकत नाहीत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘आरएल-८८’ किंवा गुजरातचा ‘आणंद-२’ यांचे खूणचिठ्ठी असलेले बियाणेच घ्यावे. धारवाडच्या चारा संशोधन केंद्रातही चौकशी करावी. सीमाभागातील दुकानांत हे बी ‘कुदुरे मसाले’ या कन्नड नावानेही मिळते. घेताना त्यात अमरवेल या परजीवी तणाचे बी नाही याची खात्री करावी, कारण ती एकदा शेतात शिरली की वेल चढलेले ठिगळ घासासकट कापून जाळण्यावाचून उपाय उरत नाही.

जमिनीचे माती परीक्षण आधीच करून घ्यावे. कृष्णाकाठच्या काळ्या, पाणी धरणाऱ्या किंवा खारवट रानात प्रथम निचऱ्याची सोय करावी, आणि खानापूरकडील आम्ल तांबड्या मातीत अहवालानुसार चुना द्यावा. स्फुरद (फॉस्फरस) पेरणीपूर्वीच मातीत मिसळावे. बियाण्याला लसूणघासेचेच रायझोबियम (मुळांवर गाठी धरणाऱ्या जिवाणूंचे संवर्धन) चोळावे. सोयाबीनचे संवर्धन येथे गाठी धरत नाही. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत, एकरी सुमारे १० किलो बी ३० सेंटिमीटरच्या ओळींत, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर खोलीवर पेरावे. बी बारीक असल्याने ढेकळे राहू देऊ नयेत.

माझ्या मते सर्वाधिक काळजी विळ्याची घ्यावी. न थांबणारे वाण उभट वाढतात, त्यांचा बुंधा अरुंद व जमिनीच्या वर असतो आणि फुटवे तुलनेने कमी असतात. म्हणून जमिनीलगत कापल्यास किंवा जनावरे थेट शेतात सोडल्यास झाडे मरून पीक विरळ होते. पहिली कापणी ५५ ते ६० दिवसांनी, पुढच्या २५ ते ३० दिवसांनी कराव्यात आणि ८ ते १० सेंटिमीटरचे खुंट ठेवावेत. ही भरभर वाढ झाडाच्या मुळांतील साठ्यावरच होते, त्यामुळे गोठ्यात चारा कमी पडला म्हणून दर पंधरवड्याला विळा लावू नये. एखाद्या कापणीला थोडी फुले येऊ द्यावीत.

हिवाळ्यात वाढत राहणाऱ्या कोवळ्या शेंड्यांवर मावा येतो, म्हणून आठवड्यातून एकदा शेंडे तपासावेत आणि फवारणी केल्यास औषधाच्या वेष्टनावरील प्रतीक्षाकाळ संपेपर्यंत चारा कापू नये. गोठ्यात कडब्याचा साठा पेरणीआधीच करून ठेवावा. ओला, कोवळा घास उपाशीपोटी खाल्ल्यास गाई-म्हशींची पोटफुगी होते. म्हणून आधी कडबा घालून, घास काही तास सुकवून, मग थोडाथोडा वाढवत द्यावा.