जेवणानंतरची साखर आटोक्यात आणताना

उपाशीपोटी रक्तातली साखर बरी आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) मात्र जास्त, असं दिसलं की आधी जेवणानंतर दोन तासांचा आकडा तपासायचा. हे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, शेवटच्या नव्हे. इथेच बऱ्याच जणांची गफलत होते. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. बोटाला फळाचा रस लागलेला असला तर ग्लुकोमीटर (घरी साखर मोजायचं यंत्र) भलताच आकडा दाखवतो. सुई बोटाच्या कडेला टोचा, मधोमध जास्त दुखतं.

आकडा १८० मिग्रॅ/डेलीच्या वर गेला तर त्या जेवणातले पिष्टमय पदार्थ तिसऱ्या हिश्शाने कमी करा, भाजी आणि प्रथिनं आधी खा, आणि ताटावरून उठलं की १५ मिनिटं चाला. चालताना स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतात. बदल एका वेळी एकच, तोही तीन-चार दिवस. नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (साखर कमी करणारी गोळी) चालू असेल तर हे सगळं डॉक्टरांना विचारूनच, कारण साखर ७० च्या खाली घसरू शकते. तसं झालं तर १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. एचबीए१सी तीन महिन्यांनी करा. महिन्याभरात केलं तर त्यात जुन्या आठवड्यांची साखरही धरलेली असते.