वजन उतरवण्यासाठी फिटनेस बँड कसा वापरावा

नवा बँड मनगटावर चढला की पहिले आठ-दहा दिवस माणूस उत्साहात चालतो. रात्री झोपण्याआधी घरातल्या घरात फेऱ्या मारून आकडा पुरा करतो. मग एक दिवस बँड चार्जिंगला लागतो आणि तिथेच राहतो.

विकत घेताना हे कोणी सांगत नाही, पण बँड नुसता बांधून वजन उतरत नाही. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांचा दोन वर्षांचा एक प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. आहार आणि व्यायामाच्या कार्यक्रमातल्या तरुण मंडळींचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला हालचाल मोजणारं यंत्र दिलं, दुसऱ्या गटाने आपल्या खाण्याची आणि व्यायामाची नोंद स्वतःच ठेवली. दोन वर्षांनी यंत्रवाल्यांचं वजन सरासरी ३.५ किलोने उतरलेलं होतं, तर स्वतः नोंद ठेवणाऱ्यांचं ५.९ किलोने. पण म्हणून बँड फेकून द्यायची गरज नाही. त्याचा कोणता आकडा मानायचा आणि कोणता सोडून द्यायचा, एवढं कळलं तरी पुष्कळ.

१. नीट बांधा, खरी माहिती भरा

मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घट्ट पण रुतणार नाही असा बांधा. बँडच्या पोटाशी जो हिरवा दिवा लुकलुकतो, त्याचा प्रकाश रक्त शोषून घेतं. प्रत्येक ठोक्याला रक्ताचं प्रमाण बदलतं, तसा परत येणारा प्रकाशही बदलतो, आणि त्यावरून बँड नाडी मोजतो. पट्टा सैल असला तर बाहेरचा उजेड आत शिरतो आणि आकडा बिघडतो. व्यायाम करताना एक भोक आवळा, नंतर सैल करा.

ॲपमध्ये वय, उंची आणि वजन खरं भरा. मनातलं वजन भरू नका! दोन-तीन किलो उतरले की आकडा बदला, कारण कॅलरींचा अंदाज त्यावरच बेतलेला असतो.

२. पहिला आठवडा काहीच बदलू नका

हे सगळ्यांत अवघड. रोजच्यासारखंच वागा आणि सात दिवसांच्या पावलांची सरासरी काढा. ती ३,२०० निघाली तर ३,२००. लाजायचं कारण नाही, तिथूनच मोजायचं आहे.

३. दहा हजारांचं ओझं घेऊ नका

दहा हजार पावलांचा आकडा कोणत्या प्रयोगशाळेतून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये ‘मान्पो-केई’ नावाचं पावलं मोजणारं यंत्र विकायला आलं. त्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचं मीटर’ असा होतो. आकडा गोल होता, लक्षात राहिला आणि जगभर पसरला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, वयस्कर स्त्रियांच्या एका अभ्यासात रोज सुमारे ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण २,७०० चालणाऱ्यांपेक्षा बरंच कमी आढळलं. साधारण ७,५०० पावलांच्या पुढे हा फरक वाढेनासा झाला. हे आयुष्याबद्दल झालं, वजनाबद्दल नव्हे. पण थोडी वाढही वाया जात नाही, हे त्यातून दिसतं.

तेव्हा तुमच्या सरासरीत हजारभर पावलं मिळवा. दोन आठवडे ती जमली की आणखी हजार. ढकलगाडी धरून किंवा खिशात हात घालून चाललात तर मनगट हलत नाही आणि काही पावलं बुडतात. ती बुडू द्या.

४. वेगाकडेही बघा

मिनिटाला साधारण १०० पावलं म्हणजे मध्यम जोमाची चाल. बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, ही त्याची साधी खूण. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला अशी किमान १५० मिनिटं आणि दोन दिवस स्नायूंचे व्यायाम सुचवते. बीटा-ब्लॉकर गटातली औषधं नाडी मंद ठेवतात. ती घेत असाल तर बँडवर दिसणाऱ्या हृदयगतीच्या टप्प्यांपेक्षा (हलका, मध्यम, जोरदार) ही बोलण्याची खूणच धरा, आणि किती जोर लावायचा ते डॉक्टरांना विचारा.

५. कॅलरींचा आकडा खाऊ नका

बहुतेकांची गाडी इथे घसरते. बँड म्हणतो, आज ४०० कॅलरी जळल्या. मग आपण म्हणतो, चला, तेवढं खायला हरकत नाही. २०१७ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मनगटावरची सात यंत्रं तपासली गेली. त्यांतल्या सहांनी नाडी पाच टक्क्यांच्या आतल्या चुकीने मोजली, पण कॅलरींच्या बाबतीत सर्वांत अचूक यंत्रसुद्धा सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं. शिवाय दिवसाच्या एकूण आकड्यात तुम्ही नुसते बसून असताना जळणारी ऊर्जाही धरलेली असते.

ढोबळ हिशेब हवा असेल तर ७० किलोचा माणूस एक किलोमीटर चालला की साधारण ५० कॅलरी. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. म्हणजे नुसत्या चालण्यावर एक किलो उतरवायला दीडशे किलोमीटर! यापेक्षा दोन घास कमी खाणं सोपं. खाण्याची नोंद ठेवणारं ॲप बँडला जोडलेलं असेल, तर जळलेल्या कॅलरी परत खाण्याच्या खात्यात जमा करणारी सोय बंद करा. खाल्लेलं रोज लिहीत चला, कागदावर लिहिलं तरी चालेल.

६. वजन आठवड्याच्या सरासरीने बघा

सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करा. शरीरातल्या पाण्यामुळे काटा एका दिवसात किलोभर इकडेतिकडे होतो, म्हणून कालच्या आकड्याशी भांडत बसू नका. तीन-चार आठवडे सरासरी हलली नाही, तर एक तर पावलं वाढवा किंवा ताटातलं थोडं कमी करा. वजन उतरलं की हलक्या शरीराला ऊर्जाही कमी लागते, त्यामुळे सुरुवातीचा हिशेब पुढे पुरत नाही.

७. झोप आणि सूचना

एकूण किती तास झोपलात, एवढंच बघा. गाढ झोप, हलकी झोप हे तपशील मनगटावरून नीट कळत नाहीत. अपुऱ्या झोपेने भूक वाढते, तेव्हा तासांचा आकडा मात्र मनावर घ्या. सूचनांपैकी ‘उठा, हला’ एवढी एकच चालू ठेवा.

चार्जिंग आंघोळीच्या वेळी करा. बँड तिथेच विसरला जात नाही आणि मनगटालाही जरा हवा लागते. आकडे बघून जेवताना धास्ती वाटायला लागली, तर कॅलरींचा पडदा लपवा किंवा काही दिवस बँड काढूनच ठेवा.