सूक्ष्मस्वरांची रचना शिकायला निघण्याआधी

सूक्ष्मस्वरांची, म्हणजे पेटीच्या बारा स्वरांच्या अधेमधे पडणाऱ्या स्वरांची, रचना शिकायला परदेशी संस्थेचा अर्ज भरायला बसण्याआधी तंबोरा जुळवा. फी किती, वसतिगृह कुठे, हे सगळं नंतर. आधी खरजाची, म्हणजे खालच्या षड्जाची, तार नीट लावा, आवाज मोकळा होईपर्यंत घोडीवर तारेखाली असतो तो जवारीचा दोरा सरकवा आणि नुसती तीच एक तार छेडत बसा. थोड्या वेळाने तिच्यातून गंधार, म्हणजे ग, निघायला लागेल. त्याची तार नाही, कुणी तो छेडलेला नाही, तरी तो येतो. म्हणून तर आपल्याकडे त्याला स्वयंभू म्हणतात. आता शेजारी साधी बाजारातली पेटी घेऊन त्याच पट्टीतला गंधार दाबा. तो चढा लागेल. सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग कल्पिले, ज्यांना सेंट म्हणतात, तर समान अंतरांवर लावलेल्या पेटीचा गंधार ४०० वर असतो आणि तंबोऱ्याचा साधारण ३८६ वर. हे चौदा सेंट तुम्हाला स्वतःच्या कानाने ऐकू आले, आणि ऐकून गप्प बसवेना, तर पुढची तयारी तुमच्यासाठी आहे. नुसतं वाचून कळले असतील तर अजून सहा महिने तंबोऱ्यासोबत काढा. अर्ज कुठे पळून जात नाहीत.

मी या वाटेने जाऊन आलो आहे. पुण्यात गाणं शिकलो, मग युरोपात तीन वर्षं रचना शिकलो, आणि आता दर पावसाळ्यात दोन-चार मुलं माझ्याकडे येऊन एकच विचारतात: सर, सगळ्यात चांगलं कॉलेज कोणतं? याला उत्तर नाही, कारण सूक्ष्मस्वर नावाची एकच एक गोष्ट नाही. तुम्हाला त्यातलं काय हवंय, हे आधी ठरवावं लागतं. यादीतलं सगळ्यात वेळखाऊ काम हेच, आणि नेमकं हेच सगळे टाळतात.

काहींना स्वयंभू गंधारासारखे, साध्या गुणोत्तरांतून निघणारे स्वर हवे असतात. अमेरिकेत रचनाकार हॅरी पार्च यांनी या तत्त्वावर ४३ स्वरांचं सप्तक मांडलं आणि त्यासाठी वाद्यंही स्वतः घडवली. बर्लिनमध्ये मार्क सबाट आणि वोल्फगांग फॉन श्वाइनिट्स यांनी या स्वरांसाठी स्टाफवर, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलेखनाच्या पाच रेघांवर, लिहायची खुणांची पद्धत तयार केली, ती आज या पंथात सर्रास वापरली जाते. ही तुमची ओढ असेल तर बर्लिनकडे बघा.

दुसरा पंथ सप्तकाचे समान पण जास्त तुकडे करणाऱ्यांचा. हे वाचताना कॅल्क्युलेटर जवळ ठेवा. ३१ तुकडे केले तर प्रत्येक तुकडा ३८.७ सेंटांचा होतो आणि दहाव्या तुकड्यावर गंधार ३८७ वर येतो, म्हणजे जवळजवळ तंबोऱ्याचाच. पण पंचम येतो ६९७ वर, शुद्ध पंचमापेक्षा पाच सेंट उतरलेला. आपला कान षड्ज-पंचमावर पोसलेला. पहिल्या आठवड्यात तो पंचम दातात अडकलेल्या सुपारीसारखा सलतो. ५३ तुकडे केले तर पंचम ७०२ वर, अगदी जागेवर, आणि गंधार ३८५. ७२ केले तर पंचम पेटीचाच ७०० आणि गंधार ३८३. आकडे पाठ करू नका, संगणकावर तिन्ही सप्तकं वाजवून पाहा. ज्यात तुम्हाला गुणगुणावंसं वाटेल त्याचं गाव शोधा. ३१ साठी अ‍ॅमस्टरडॅम: भौतिकशास्त्रज्ञ आड्रियान फोक्कर यांनी योजलेला ३१ स्वरांचा ऑर्गन १९५० साली हार्लेमच्या टायलर्स संग्रहालयात बसला, आणि आता तो अ‍ॅमस्टरडॅमच्या मुझीकखेबाउ या संगीत सभागृहात आहे, हायगेन्स-फोक्कर प्रतिष्ठानाच्या देखरेखीखाली. तिथून हेगचं रॉयल कॉन्झर्व्हेटरी आगगाडीने तासाभराच्या अंतरावर, आणि १९८६ मध्ये उत्रेख्तहून आलेलं सोनॉलॉजीचं, म्हणजे ध्वनी आणि इलेक्ट्रॉनिक संगीताच्या अभ्यासाचं, केंद्रही तिथेच. बाझेलमध्ये जुन्या संगीताच्या वाटेने ३१ कडे जाता येतं. सोळाव्या शतकातल्या विचेंतीनो या इटालियन संगीतकाराच्या बहुस्वरी ऑर्गनची प्रतिकृती तिथे घडवली गेली. ७२ ची परंपरा बॉस्टनमध्ये आणि साल्झबर्गमध्ये.

तिसरे पॅरिसवाले. ग्रिझे, म्युराय वगैरे रचनाकारांनी १९७० च्या दशकात नादाची चिरफाड करून, त्यातले सहस्वर, म्हणजे एका स्वरात आपोआप मिसळलेले वरचे स्वर, मोजून, त्यांतून रचना उभ्या केल्या. तंबोऱ्याच्या माणसाला हे पटकन आपलं वाटतं, कारण सहस्वर आपण रोज ऐकतो. इर्काम या तिथल्या संगीत-संशोधन संस्थेत वर्षभराचा अभ्यासक्रम आहे, पण तो पदवीचा वर्ग नाही, आधीच रचना करू लागलेल्यांसाठी आहे. तेव्हा बारावीनंतर थेट इर्काम, हे स्वप्न जरा बाजूला ठेवा.

आणि इस्तंबूल, ज्याचा विचार आपल्याकडे कुणीच करत नाही. तिथे सूक्ष्मस्वर हा प्रयोग नाही, रोजचं गाणं आहे. कानून या वाद्यावर प्रत्येक स्वराच्या तारांखाली बारीक धातूच्या खिट्ट्या असतात, त्या उचलून-पाडून वाजवता वाजवता स्वर किंचित चढवतात, उतरवतात. उश्शाक मकामातला (मकाम म्हणजे तिथला राग म्हणा) दुसरा स्वर उतरताना खाली बसतो, हे तिथला वादक समजावत नाही, वाजवून दाखवतो. इस्तंबूल टेक्निकल युनिव्हर्सिटीत तुर्की संगीताचं कॉन्झर्व्हेटरी आहे, आणि तिथल्याच मियाम या उच्च शिक्षणाच्या केंद्रात इंग्रजीतून शिकता येतं. सरकणाऱ्या पट्ट्यांची सूक्ष्मस्वरी गिटार करणारे तोल्गाहान चोउलू याच विद्यापीठातले. रागाच्या अंगाने विचार करणाऱ्याला हे गाव परकं वाटणार नाही.

कारण खरी गोम इथे आहे. वरच्या बहुतेक पंथांत सूक्ष्मस्वर म्हणजे एक ठिकाण: ३८६ वर खुंटी मारली, झालं. आपला बहुतेक वेळा तसा नसतो. दरबारी रागातला गंधार कुठे आहे असं विचारलंत तर गवई आकडा सांगणार नाही, आंदोलन घेऊन, म्हणजे स्वर संथ झुलवून, दाखवील. तो स्वर म्हणजे चाल आहे, वेग आहे, कुठून आला आणि कुठे टेकला हे आहे. तुम्हाला हे चालणं रचनेत आणायचं आहे की थांबलेली ठिकाणं, याचं उत्तर चार ओळींत मराठीत लिहून काढा. या चार ओळी जमल्या की संस्थांची यादी आपोआप चारवर येते.

मग प्राध्यापक. संस्थेच्या नावामागे जाऊ नका, तुम्ही शिकाल त्या वर्षी तिथे वर्गात कोण उभं राहणार ते विचारा. हा विषय कुठेच संस्थेचा नसतो, माणसाचा असतो. चेक रचनाकार आलोइस हाबा यांनी १९२० च्या दशकात प्रागच्या कॉन्झर्व्हेटरीत पाव स्वरांचा, म्हणजे पेटीच्या दोन लगतच्या स्वरांच्या बरोबर मधल्या स्वरांचा, वर्ग उभा केला, त्यांच्यासाठी १९२४ मध्ये फॉर्स्टर कंपनीने पाव स्वरांचा पियानो बनवला. आज तो पियानो प्रागमध्येच आहे, पण संग्रहालयात. बॉस्टनचं ७२ स्वरांचं शिक्षण सॅक्सोफोनवादक जो मनेरी या एका माणसाने न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत वर्षानुवर्षं रेटून उभं केलं. मी ज्या संस्थेत गेलो तिथे ज्यांच्यासाठी गेलो ते गृहस्थ पहिल्याच सत्रात वर्षभराच्या रजेवर निघाले होते. पत्रकात त्यांचा फोटो होता, रजेचा उल्लेख नव्हता. म्हणून थेट त्यांनाच छोटी मेल करा: मी असं-असं काम करतो, दोन मिनिटांचं ध्वनिमुद्रण जोडलंय, पुढच्या दोन वर्षांत तुम्ही शिकवणार आहात का? उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा. तरी नाही आलं तर तेही उत्तरच समजा.

वाद्याबद्दल असाच रोखठोक प्रश्न विचारा. वाद्य आहे का, हे नव्हे. विद्यार्थ्याला हात लावता येतो का, आठवड्यात किती तास, आणि किल्ली कुणाकडे. आमच्याकडे पाव स्वरांची एक जुनी की-बोर्डवजा पेटी होती. तळघरातल्या खोलीत, जाड हिरव्या कापडाखाली. किल्ली वॉचमनकडे, वॉचमनकडे जाण्यासाठी फॉर्म, फॉर्मवर विभागप्रमुखांची सही, आणि विभागप्रमुख फक्त मंगळवारी. तीन वर्षांत मी ती अकरा वेळा वाजवली. मोजून ठेवलं होतं, राग म्हणून.

वाद्यापेक्षाही महत्त्वाचे वादक. तिथली चौकडी, म्हणजे दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो, विद्यार्थ्यांच्या रचना वर्षातून किती वेळा वाजवते, तालमीला किती तास देते, ते विचारा. माझ्या पहिल्या रचनेत मी प्रत्येक स्वरावर मोठ्या हौसेने सेंट लिहिले होते: उणे १४, अधिक २२, उणे ३१. तालमीत व्हायोलावाल्या बाईंनी कागद वर उचलला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, कशापेक्षा? माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग त्यांनी चेलोवाल्याला खालचा षड्ज लांब धरायला सांगितला, त्यावर स्वतःचं बोट हळूहळू सरकवलं आणि कंप थांबला तिथे थांबल्या. उणे चौदा. आपण खरजावर गंधार असाच तर लावतो. त्या रात्री मी सगळे आकडे खोडून प्रत्येक स्वराशेजारी तो कुणाच्या आधाराने लावायचा ते लिहिलं.

यावरून पोर्टफोलिओकडे. बहुतेक ठिकाणी तीन-चार रचना लिहून मागतात आणि शक्य असेल तर ध्वनिमुद्रण. भातखंडे पद्धतीचं स्वरलेखन तुम्हाला झोपेतही येत असेल, पण तिथे ते वाचणारं कुणी नाही. स्टाफ नोटेशन आत्ताच शिका, नुसतं वाचायला नव्हे, हाताने लिहायला. पाव स्वरांचे उलटे बेमोल (स्वर उतरवायची खूण) आणि अर्धे शार्प (चढवायची), बर्लिनच्या पद्धतीतले कोमा नावाच्या बारीक फरकाचे बाण, एवढं कागदावर न अडखळता आलं पाहिजे. मींड लिहायची तर कुठून सुटली, किती मात्रांत पोचली, मध्ये कुठे रेंगाळली, हे सगळं लागतं. पुण्या-मुंबईत एखादा व्हायोलिनवाला किंवा बासरीवाला गाठा, त्याला तुमचा कागद वाजवायला द्या, तोंडाने काही सांगू नका. तो जे वाजवील तीच तुमच्या कागदाची खरी किंमत.

अर्जासोबतच्या निवेदनात आमच्याकडे प्राचीन काळापासून २२ श्रुती आहेत, या वाक्याने सुरुवात करू नका. निवड करणाऱ्यांनी ते शंभरदा वाचलंय. आणि २२ श्रुती, म्हणजे सप्तकातल्या बावीस सूक्ष्म जागा, म्हटल्यावर आपल्यात तरी एकमत कुठे आहे? देवगिरीच्या यादवांच्या दरबारात शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात २२ तारांच्या वीणेने त्या दाखवायची रीत लिहून ठेवली. त्या तारांचे नेमके सेंट किती, यावर विसाव्या शतकात आपल्याच मंडळींनी वाद घातला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये यावर पुस्तक छापलं, अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा त्यांच्या कामाला होता. क्लेमंट्स या इंग्रज न्यायाधीशाच्या साथीने श्रुतींची पेटीही लंडनहून बनवून आली. १९१६ च्या बडोद्याच्या परिषदेत ती पेटी मांडली गेली आणि भातखंड्यांना ती पटली नाही. हे भांडण तुमच्या निवेदनात आलं तर समोरचा खुर्चीत पुढे सरकेल, कारण नेमका हाच प्रश्न, मोजलेला स्वर आणि गायलेला स्वर यांत कुणाचं मानायचं, त्याच्याही टेबलावर पडलेला असतो. त्यात तुमच्या गुरूंचा तोडीतला गंधार कसा लागतो हे दोन वाक्यांत आलं तर फारच बरं.

संगणकाची तयारी थोडक्यात. स्काला नावाचं, सप्तकं बांधायचं मोफत सॉफ्टवेअर उतरवून घ्या, त्याच्या फाइली बरेच सिंथेसायझर वाचतात. मिडीला, म्हणजे की-बोर्ड आणि संगणक एकमेकांशी बोलतात त्या भाषेला, मुळात बाराच स्वर ठाऊक असतात, बाकीचे पिच बेंडने वळवावे लागतात, आणि एका चॅनेलवर दोन स्वर वेगवेगळे वळत नाहीत, एवढी अडचण समजून घ्या. लुमाटोनसारखे महागडे की-बोर्ड विकत घेऊ नका. तिथे गेल्यावर पाहा.

पैशांची बाजू जो तो आपापल्या घरी बसून मांडेल. जर्मनीत सरकारी संगीत विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणी फी नाही. बाडेन-व्युर्टेमबर्ग या राज्यात मात्र युरोपाबाहेरच्यांना २०१७ पासून सत्राला १५०० युरो पडतात, आणि श्टुटगार्ट, फ्रायबुर्ग, कार्ल्सरूह तिथेच येतात. जर्मनीसाठी भारतीयांना एपीएसचं, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रं तपासणाऱ्या जर्मन कार्यालयाचं, प्रमाणपत्र लागतं, त्याला वेळ जातो, म्हणून मूळ गुणपत्रिका आधी गोळा करा. विशारद किंवा अलंकारचं प्रमाणपत्र असेल तर जोडा, पण ते पदवीच्या जागी चालेल का, हे त्या-त्या संस्थेला लेखी विचारा. बऱ्याच युरोपीय संस्थांत सप्टेंबरच्या वर्गाचे अर्ज आदल्या हिवाळ्यातच बंद होतात. म्हणजे ध्वनिमुद्रण दिवाळीच्या आत हवं, आणि दिवाळीत स्टुडिओ व वादक दोन्ही मिळत नाहीत.

सामानात मोठा तंबोरा नको, विमानात भोपळ्याची हमी कोण देणार? छोटी सपाट तंबोरी पुरते. मिरजेहून तारांचे दोन संच मागवून घ्या आणि जवारीचा दोरा वेगळ्या पुडीत घाला. मी तो विसरलो होतो. पहिल्या रविवारी वसतिगृहात शेजारच्या मुलीकडून शिवणाचा काळा धागा मागून आणला, तो जाड निघाला, उलगडून त्याचा एकच पदर तारेखाली सरकवला, तेव्हा कुठे खरजातून गंधार आला.