दवाखाना सांभाळून बासरी: डॉक्टरांसाठी रियाजाची मांडणी

डॉक्टरी करता करता नाटक करणाऱ्यांची महाराष्ट्रात मोठी परंपरा आहे. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन, जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. पण नाटकाला तालीम लागते आणि तालमीला दहा माणसं एका वेळी एका जागी यावी लागतात. रात्री-अपरात्री बोलावणं येणाऱ्या डॉक्टरला ते दर वेळी जमत नाही. बासरीसाठी कोणाची वाट बघावी लागत नाही. ती जुळवायला वेळ जात नाही, पिशवीतून काढली की लगेच सूर लावता येतो. त्यामुळे दोन पेशंटच्या मधली बारा मिनिटंसुद्धा कामी येतात. मात्र त्या बारा मिनिटांत काय करायचं ते आधी ठरलेलं हवं. बहुतेक डॉक्टरांची बासरी सहा महिन्यांत कपाटात जाते. याचं कारण वेळेची कमतरता हे नसतं. मिळालेल्या वेळात ते थेट गाणी वाजवायला जातात आणि फुंक कच्ची राहते, हे खरं कारण असतं.

कोणती बासरी घ्यावी

हरिप्रसाद चौरसिया ज्या पट्टीत वाजवतात ती, म्हणजे पांढरी तीनची (जिचा सा हार्मोनियमच्या तिसऱ्या पांढऱ्या सुराशी जुळतो अशी) मोठी बासरी, पहिल्याच दिवशी घेण्याचा मोह होतो. ती २९-३० इंच लांब असते, भोकं लांब-लांब असतात आणि नवशिक्याची उजव्या हाताची अनामिका सहाव्या भोकापर्यंत नीट पोहोचत नाही. सुरुवातीला पांढरी पाचची बासरी घ्यावी, लांबी साधारण २५ इंच. हात लहान असेल तर पांढरी एकची, सुमारे १९ इंचांची. यात्रेत किंवा पर्यटनस्थळी मिळणाऱ्या रंगीत बासऱ्या शोभेच्या असतात, त्यांची भोकं सुरात पाडलेली नसतात.

दुकानात वाजवणारा माणूस सोबत न्यावा आणि दोन गोष्टी तपासून घ्याव्यात. सहाही भोकं बंद करून हळू फुंकल्यावर मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) येतो आणि तशीच बोटं ठेवून फुंक बारीक केली की मध्य पंचम (मधल्या सप्तकातला प). हे दोन्ही पंचम ट्यूनरवर (सूर मोजणाऱ्या यंत्रावर किंवा ॲपवर) एकाच जागी बसले पाहिजेत. बसत नसतील तर तोंडाकडच्या टोकाचं बूच चुकीच्या जागी आहे किंवा बांबूची पोकळी एकसारखी नाही. मग वरची तीन भोकं बंद करून षड्ज (सा) तपासावा. तो पट्टीपेक्षा बराच चढा किंवा उतरलेला असेल तर ती बासरी घेऊ नये. वाजवून वाजवून सुरात येईल, असं कोणी सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नये.

पहिले दोन आठवडे: फक्त फुंक

बोटं लावायचीच नाहीत. फुंकायचं भोक खालच्या ओठाच्या मध्यावर टेकवा आणि बासरी बाहेरच्या बाजूला हळूहळू फिरवत जा, भोकाचा साधारण एक चतुर्थांश भाग ओठाने झाकलेला राहील इतकी. ओठांमधली फट तांदळाच्या दाण्याएवढी ठेवा. हवेची धार भोकात न सोडता समोरच्या कडेवर आदळली पाहिजे, सूर तिथेच तयार होतो. धार बरोबर आहे की नाही हे आरशावर पाहता येतं: आरशाजवळ तशीच फुंक मारली तर उमटणारं धुकं अरुंद पट्ट्यासारखं दिसायला हवं. गोल, पसरट डाग आला तर ओठ सैल आहेत.

नवीन माणूस सूर येत नाही म्हणून जोर लावतो, इथेच चूक होते. जोराने फुंकलं की सूर चढतो, फाटतो आणि दोन-तीन मिनिटांत डोकं हलकं होतं. ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या तर कारण तुम्हाला ठाऊक आहेच: श्वास प्रमाणाबाहेर टाकला गेल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटलेला असतो. बासरी खाली ठेवा, मिनिटभर नेहमीसारखा श्वास घ्या. वारंवार होत असेल तर फट अजून लहान करा, कारण बारीक धारेला हवा कमी लागते. सगळी भोकं उघडी ठेवून दहा सेकंद एकसारखा सूर टिकायला लागला की वीस सेकंदांकडे जा. त्याच्याआधी पुढे जाण्यात अर्थ नाही.

बोटांची जागा

तोंडाच्या बाजूने भोकांना एक ते सहा असे क्रमांक धरले, तर मांडणी अशी:

- सा: १, २, ३ बंद
- रे: १, २ बंद
- ग: १ बंद
- शुद्ध म: १ अर्धं बंद
- तीव्र म: सगळी उघडी
- प: सहाही बंद
- ध: १ ते ५ बंद
- नी: १ ते ४ बंद

मंद्र प, ध, नी आणि मध्य प, ध, नी यांची बोटं तीच असतात, फरक फक्त फुंकीचा. कोमल स्वर अर्ध्या भोकावर येतात आणि तिथे बोट न उचलता किंचित सरकवायचं असतं. अर्धं भोक म्हणजे मोजून अर्धं नव्हे, कान सांगेल तेवढं.

यमन राग बासरीवर सोपा का जातो, हे यावरून लक्षात येईल. त्यात शुद्ध मध्यम नाही, कोमल स्वर नाहीत, म्हणजे एकही अर्धं भोक नाही. पण त्याची खरी अडचण तीव्र मध्यमाकडून पंचमाकडे जाताना येते. सगळी भोकं उघडी असताना एकाच क्षणी सहा बोटं टेकवायची आणि फुंकही बदलायची. बोटं पुढे-मागे पडली की मधे चिरका आवाज येतो. सगळी बोटं उचलल्यावर बासरी घसरू नये म्हणून डावा अंगठा पहिल्या-दुसऱ्या भोकाच्या खाली आणि उजवा अंगठा चौथ्या-पाचव्याच्या खाली घट्ट आधार देत राहिला पाहिजे. उजवी करंगळी बांबूवर टेकलेली ठेवा. हीच म-पची जागा जोडण्याच्या प्रयत्नात बासरीवादक पन्नालाल घोष यांनी मोठ्या बासरीला सातवं भोक दिलं, त्यामुळे मंद्र तीव्र मध्यमापर्यंत उतरता येऊ लागलं. तुम्हाला सध्या ते लागणार नाही. म-प, म-प असं मिनिटाला ४० ठोक्यांवर, दररोज तीन मिनिटं करा. ही उडी साफ होईपर्यंत भूप वाजवा: सा, रे, ग, प, ध. त्यात मध्यमच नाही. शिवाय तो रात्रीच्या पहिल्या प्रहराचा राग आहे, संध्याकाळची ओपीडी आटोपून घरी येण्याची वेळ तीच.

दिवसाचे तीन तुकडे

प्रत्येक तुकड्याला एकच काम द्या आणि ते बदलू नका.

सकाळी राउंडला निघण्याआधी १५ मिनिटं खर्ज. मंद्र पंचमापासून मध्य षड्जापर्यंत एकेक सूर लांबवायचा, दुसरं काही करायचं नाही. मंद्रातला आवाज हलका असतो, शेजाऱ्यांची झोप मोडत नाही. मंद्र पंचम लागत नसेल तर दहापैकी नऊ वेळा उजव्या अनामिकेतून हवा गळत असते. सा लावून एकेक बोट खाली टेकवत जा; ज्या बोटाला आवाज तुटतो तिथे गळती आहे.

दुपारी, सकाळ-संध्याकाळच्या ओपीडींच्या मधे, मूक रियाज. ड्युटी रूममध्ये बासरी फुंकायची नाही, नुसती धरायची आणि मनात सरगम म्हणत मेट्रोनोमच्या (लयीचे ठोके देणाऱ्या यंत्राच्या) ठोक्यांवर पलटे, म्हणजे स्वरांचे ठरावीक गट, फिरवायचे: सारेग, रेगम, गमप. फुंक नसल्याने लक्ष पूर्णपणे बोटांवर राहतं. पुष्कळांना हे निरर्थक वाटतं, पण बोटांची घाई मोडायला याच्यासारखा उपाय नाही.

रात्री २० मिनिटं तानपुरा लावून राग. इथे डॉक्टरांची एक खास अडचण येते. तानपुऱ्याचं ॲप ज्या फोनवर लावाल त्यावरच हॉस्पिटलचा कॉल येणार आणि दर वेळी सूर तुटणार. तानपुऱ्यासाठी जुना फोन किंवा इलेक्ट्रॉनिक तानपुरा वेगळा ठेवा. कॉलचा फोन समोर, नजरेत, व्हायब्रेटवर ठेवा, कारण बासरी वाजत असताना रिंग ऐकू येईलच याची खात्री नसते. मधेच उठावं लागलं तर परतल्यावर राग पहिल्यापासून धरू नका, तीन मिनिटं मंद्रात सूर लावून थांबा. धावपळीनंतरचा श्वास आखूड असतो आणि त्या श्वासावर वाजवलेलं सगळं घाईत जातं.

आठवड्यातून एकदा, निदान पंधरा दिवसांतून एकदा, गुरूसमोर बसलंच पाहिजे. ओठांचा कोन पडद्यावरून नीट कळत नाही. दोन तासिकांच्या मधे रेकॉर्डिंग पाठवायचं असेल तर फोन तोंडासमोर ठेवू नका, हवेचा फुसफुसाट तेवढा येतो. उजव्या बाजूला दीड मीटरवर ठेवा.

डॉक्टरांचे हात, मान आणि ओठ

सॅनिटायझरने बोटांची त्वचा कोरडी पडते आणि कोरडं बोट भोक पूर्ण बंद करत नाही. वाजवण्याआधी हात साबणाने धुवा, हवं तर तेलाचा नुसता पुसट हात लावा. याउलट दोन-तीन तास ग्लोव्हज घातल्यावर बोटांची टोकं घामाने सुरकुतलेली असतात, तेव्हा १५-२० मिनिटं थांबा. लॅपरोस्कोपीनंतर अंगठा बधिर वाटत असेल तर त्या दिवशी फक्त खर्ज करा. बधिर अंगठा नकळत बासरी आवळतो आणि मनगट दुखायला लागतं.

शल्यविशारद आणि दंतवैद्य दिवसभर मान वाकवून काम करतात. बासरी धरताना मान डावीकडे पिळली की त्यात भर पडते. मान सरळ ठेवून कमरेपासून धड थोडं वळवा आणि बासरीचं टोक किंचित खाली सोडा. मांडी घालून बसण्याचा आग्रह नको, पाय जमिनीला टेकतील असं स्टूल चालेल.

बासरी दुसऱ्याला वाजवायला देऊ नका. स्वतःला सर्दी, ताप किंवा ओठावर नागीण असेल तर बरं होईपर्यंत बंद.

बासरीची निगा

बासरी स्पिरिटने पुसायची नाही, हा सवयीचा भाग इथे विसरावा लागतो. स्पिरिटने बांबू कोरडा पडतो. वाजवून झाल्यावर पातळ सुती कापड काडीला गुंडाळून आतून ओल टिपा आणि १५ मिनिटं पिशवीबाहेर ठेवा. कोकणात पावसाळ्यात हे टाळलं तर आत बुरशी धरते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात उलट काळजी: दोन महिन्यांतून एकदा आतून मोहरीच्या किंवा बदामाच्या तेलाचा पातळ हात द्या आणि रात्रभर उभी ठेवा. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत बासरी एक दुपारही ठेवू नका. बारीक तडा गेला तर आधी मंद्र सूर जातात, वरचे बरेच दिवस ठीक वाटतात. तड्यात फेविक्विक भरून वरून मेण लावलेला दोरा घट्ट गुंडाळला की बहुधा ती पुन्हा वाजते.

एसी केबिनमध्ये सूर उतरतो. दर अंश सेल्सिअसला सुमारे तीन सेंट (सेंट म्हणजे लगतच्या दोन सुरांमधल्या, जसं शुद्ध म ते तीव्र म, अंतराचा शंभरावा भाग), म्हणजे २२ आणि ३२ अंशांत जवळपास ३० सेंटचा फरक. थंड खोलीत सगळी भोकं बंद करून मिनिटभर आवाज न काढता उबदार श्वास आत सोडा, मग तानपुरा बासरीला जुळवून घ्या.

मोठ्या बासरीकडे कधी वळायचं? मंद्र पंचम २० सेकंद न थरथरता टिकला आणि म-पची उडी ८० च्या लयीत साफ झाली की. पांढरी तीनवर भोकं बोटांच्या टोकांनी झाकायचा प्रयत्न करू नका, मधल्या पेरांनी झाका आणि बोटं सपाट ठेवा. पहिले १० दिवस रोज पाच मिनिटांच्या वर नको. तळहात ताणला गेला की लगेच लहान बासरी घ्या.