गालिचा धुण्याआधी धागा ओळखा

गालिचा कसा स्वच्छ करायचा हे डाग बघून नाही, धागा बघून ठरवा. मागची पट्टी वाचा. नायलॉन किंवा पॉलिएस्टर असेल तर गरम पाणी फवारून लगेच ओढून घेणारं मशीन उत्तम. मुळाशी बसलेली घाण तेच काढतं. लोकरीला मात्र कोमट पाणी आणि सौम्य साबण. धुण्याचा सोडा, ब्लीच अजिबात नको, धागाच कमकुवत होतो. तागाचा गालिचा भिजवूच नका, तपकिरी डाग उमटतात.

आधी कोपऱ्यावर ओलं पांढरं फडकं २-३ मिनिटं दाबून ठेवा. रंग लागला तर पाण्याचा नाद सोडा. आणि ओलं करण्यापूर्वी व्हॅक्यूम सावकाश फिरवा, खरंच सावकाश. आत राहिलेल्या धुळीचा चिखल होतो आणि तो निघता निघत नाही.