रॅक बसवताना या चुका टाळा: अर्थिंग नुसतं नावाला नको

नेटवर्क स्विच-सर्व्हर ठेवायच्या रॅकच्या दाराला हात लावला की झिणझिण्या येतात, मग लोक रबरी चप्पल घालून काम उरकतात आणि विषय संपला. कोल्हापूरजवळ शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांकडं असले रॅक ढिगानं बघायला मिळतील. "थोडं लीकेज आहे हो, चालतंय" म्हणणाऱ्यानं एवढं ऐकावं, की स्विच, एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा), सर्व्हर या सगळ्यांच्या पॉवर सप्लायमध्ये फिल्टरचे कपॅसिटर असतात, फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडनं बॉडीला जोडलेले, त्यामुळं अर्थ तुटलेला असला की बॉडीवर साधारण 115 व्होल्ट येऊन बसतात. करंट किरकोळ असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण उद्या एखाद्या सप्लायचं इन्सुलेशन गेलं की तिथंच पूर्ण 230 मिळणार.

मल्टीमीटर काढा आणि सॉकेटवर बघा (जिवंत सॉकेटवर हात बसलेला नसेल तर वायरमनला बोलवा, उगाच धाडस नको). फेज-न्यूट्रल 230 च्या आसपास, फेज-अर्थ पण जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत पाहिजे. फेज-अर्थ शंभर-सव्वाशेच दाखवतंय? अर्थ हवेत लटकलाय. आणि लोड चालू असताना न्यूट्रल-अर्थ अगदी शून्य दिसला तर खुश होऊ नका, बोर्ड उघडून बघा, कुणीतरी सॉकेटच्या मागं न्यूट्रल आणि अर्थ तारेनं जोडून दिलेले असू शकतात. ही सगळ्यात घाणेरडी चूक. मागं कुठं न्यूट्रल सुटला की अख्खा रॅक फेजवर.

दुसरा प्रकार आरसीसीबीचा (करंट अर्थकडं गळायला लागला की सप्लाय तोडणारा स्विच). 30 मिलीॲम्पचा आरसीसीबी, त्यावर दहा-बारा उपकरणं, प्रत्येकाचं थोडं थोडं लीकेज मिळून तो सारखा पडतो, मग कोणीतरी शहाणा प्लगची अर्थ पिनच काढून टाकतो आणि म्हणतो बघा, झालं की नाही चालू! अहो, लोड दोन-तीन सर्किटवर वाटा, प्रत्येकाला वेगळा आरसीसीबी द्या, पिनला हात लावू नका.

पीडीयूची (रॅकमधल्या सॉकेटपट्टीची) तिसरी पिन आली म्हणजे रॅकचं अर्थिंग झालं असंही नाही. फ्रेमला स्वतःची हिरवी-पिवळी वायर लागते, तांब्याची, 6 स्क्वेअर एमएम बहुतेक ठिकाणी पुरते, टोकाला लग (भोक असलेली धातूची टोपी) क्रिंप करून नटबोल्टनं बसवलेली. नुसती पिळून गुंडाळलेली नको. आता गंमत अशी की रॅकवर पावडर कोटिंग असतं आणि रंगावर लग आवळला तर काहीच जोडलं जात नाही, तेवढ्या जागेचा रंग पॉलिश पेपरनं चकाकी येईस्तोवर घासा, दातेरी वॉशर घाला, वरनं गंज लागू नये म्हणून पेट्रोलियम जेली. दार आणि साइड पॅनलला वेगळे जंपर (जोडवायरी) द्या, बिजागऱ्यांवर भरवसा नाही.

आता मोठा गैरसमज. "आयटीचं अर्थिंग वेगळं पाहिजे" म्हणून रॅकसाठी स्वतंत्र खड्डा काढतात, मीठ-कोळसा भरतात आणि बिल्डिंगच्या मेन अर्थला जोडतच नाहीत. खड्डा वेगळा असू दे, पण तो मेन अर्थ बारला बाँड केलेलाच पाहिजे, आयएस 3043 (अर्थिंगचं भारतीय मानक) पण अर्थ एकमेकांना जोडायलाच सांगतं. कारण एप्रिल-मेमधला आपला वळीव. जवळपास वीज पडली की दोन सुट्या खड्ड्यांमध्ये त्या क्षणी हजारो व्होल्टचा फरक पडू शकतो आणि तो फरक रस्ता शोधतो तुमच्या स्विचमधनं. सकाळी येऊन बघावं तर चार पोर्ट मेलेले, आणि बोलणी खातोय स्विचचा डीलर. याच कारणानं ऑफिस ते शेड किंवा गेटवरची केबिन असं दोन इमारतींमध्ये यूटीपी (तांब्याची नेटवर्क केबल) ओढू नका, फायबर टाका, आणि आर्मर्ड असेल तर त्याचं लोखंडी कवच अर्थ बारला जोडा, नाहीतर परत तोच खेळ.

बाकी बसवण्याचं थोडक्यात: यूपीएस आणि बॅटरी सगळ्यात खाली, रॅक जमिनीला बोल्ट केल्याशिवाय जड सर्व्हर रेलवर बाहेर ओढायचा नाही, एकावेळी एकच. 1यू (रॅकमधल्या उंचीचं माप) म्हणजे 44.45 मिमी, तीन भोकं. केज नट (रॅकच्या चौकोनी भोकात बसवायचा नट) एक भोक वर-खाली झाला की डबा तिरका बसतो आणि लोक स्क्रू जबरदस्तीनं आवळतात. फाउंड्रीच्या आसपास रॅक असेल तर फिल्टर लावाच, ती काळी धूळ नुसती धूळ नसते, त्यात लोखंडाचा बारीक कीस असतो.

आणि कोल्हापुरात शाहूपुरी, नागाळा पार्ककडच्यांनी यूपीएस खाली म्हणजे तळमजल्यावर असा अर्थ काढू नये. 2019 आणि 2021 चे दोन्ही पूर बघून झालेत, पूर्ण रॅकच पहिल्या मजल्यावर न्या. तळमजल्याला पाणी येऊन गेलं असेल तर अर्थ पिटचं टोक, क्लॅम्प आणि बार साफ करून अर्थ टेस्टरनं रीडिंग घ्या, मगच मेन टाका.